धकातेबाईंचं ‘काहून’

धकातेबाई नव्या माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी त्याच्या चपलांकडे. मी कार्यशाळेत पहिल्या दिवशी गेले तेव्हा दाराशी चपला काढताना त्यांची तोंडं सवयीनं बाहेरच्या बाजूला राहिली. बाई हातातलं काम ठेवून उठल्या, दारापर्यंत आल्या, चपलांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “जाच्या तयारीनंच आल्या वाटते.”

नागपूरच्या नंदनवन वस्तीत घरं संपून मोकळं रान सुरू व्हायचं तिथे टिनाची एक लांब शेड होती. शाळेचं वय उलटलेली, पण शाळेत काहीच न जमलेली मुलं-मुली तिथे काम शिकायला यायची. तेव्हा त्यांना सरसकट ‘मतिमंद’ म्हणत. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मी नुकतीच बी.ए. झाले होते, आणि या मुलांना घड्याळ, बसचे नंबर, रस्त्यावरच्या पाट्या ओळखायला शिकवायचं काम मला मिळालं होतं. हाताचं काम शिकवणं बाईंकडे होतं.

“कुठल्या?” बाईंनी विचारलं.

“इंदोऱ्याची. मेश्राम.”

इंदोरा आणि मेश्राम ऐकल्यावर, जात कळून, समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते मला लहानपणापासून पाठ होतं. मी तयारच होते. बाईंच्या चेहऱ्यावरचा संशय होता तेवढाच राहिला, कमी नाही, जास्त नाही.

“किती दिवस राहाल?”

“राहीन की.”

“राहीन की म्हननारे दिवाळीच्या आत जातात. वकीलसाहेबानं माह्यावर लक्ष ठेवाले सांगतलं न?”

वकीलसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. नेमणुकीच्या वेळी त्यांनी खरंच आवाज खाली आणून सांगितलं होतं, बाई कोणाचं ऐकत नाहीत, पाहुण्यांना घालवून देतात, आत काय चालतं ते जरा बघत जा. मी काहीतरी पुटपुटले.

“ठेवा लक्ष,” बाई म्हणाल्या. “मीबी तुमच्यावर ठेवीन. बसा आता. चपला आतल्या बाजूनं वळवून या.”

बाई उंच, हाडकुळ्या, काळ्यासावळ्या. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी दोरा बांधून तो कानाभोवती गुंडाळलेला. त्यांचं घर गोळीबार चौकाकडे, कोष्ट्यांच्या वस्तीत. घरातले माग बंद पडले होते आणि माणसं दुसऱ्या कामांना लागली होती. बाईंच्या बोटांत मात्र विणकराची सवय राहिलेली. तुटलेल्या धाग्याची दोन टोकं समोर आली की त्यांची गाठ कधी बसली ते दिसायचं नाही. बोलतानाही त्या हातात सुतळीचा तुकडा घेऊन गाठी मारायच्या आणि सोडायच्या. समोरचा माणूस काही फार गोड बोलायला लागला की गाठ सोडणारा हात थांबायचा.

कार्यशाळेचं मुख्य काम होतं खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या करणं. नागपूरचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. ऊन तापायला लागलं की कचेऱ्यांच्या खिडक्यांना, घरच्या कूलरला वाळ्याच्या ताट्या लागतात. बांबूच्या कामट्यांची चौकट करायची, तिच्यात वाळा सारखा पसरायचा आणि सुतळीनं ठिकठिकाणी आवळायचा. पातळ झाली तर झळा आत येतात, दाट झाली तर पाणी उतरत नाही. शेडभर वाळ्याचा ओला वास असायचा. पावसाळा-हिवाळ्यात दोऱ्या आणि पायपुसणी. मेणबत्त्या करायला मात्र बाईंनी साफ नकार दिला होता. कोणी सुचवलं की म्हणायच्या, “गावात लाईट आहे. मेनबत्ती लोकं कामासाठी नाही घेत, कीव येते म्हनून घेतात. ताटी घेनारा भाव करते, खोट काढते. तो खरा गिऱ्हाईक.”

कीव करणाऱ्यांवर त्यांचा विशेष डोळा. कुठल्याशा मंडळाच्या बायका एकदा मिठाईचे डबे आणि एक फोटोवाला घेऊन आल्या. शेडमध्ये शिरताच त्यातल्या एकीनं विलासच्या गालाला हात लावून म्हटलं, “कित्ती गोड बाळ!”

विलास तेव्हा विशी ओलांडलेला, उंचापुरा, रोज दाढी करून भांग पाडून येणारा. खिशात कंगवा असल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे.

“बाळ नोका म्हनू,” बाई म्हणाल्या. “दाढी करते तो.”

मंडळाच्या त्या बाई हसल्या. फोटोवाल्यानं मुलांना डबे हातात घेऊन उभं राहायला सांगितलं. बाईंच्या हातातली सुतळी थांबली.

“काहून?” बाईंनी विचारलं.

“फोटो काढायचाय ना.”

“ते समजलं. काहून काढायचा?”

मिठाई ठेवून मंडळी निघून गेली. त्यांच्यामागे बाईंनी एक पेढा फोडून हुंगला, चाखला, थोडं थांबल्या आणि मगच सगळ्यांना वाटला. त्या आठवड्यात वकीलसाहेबांनी मला विचारलंच, “देणगीदारांशी असं वागतात?” मी म्हटलं, त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. वकीलसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता माझ्यावरही कोणाला तरी लक्ष ठेवायला सांगावं लागणार.

‘काहून’ हा बाईंचा शब्द. नागपुरात ‘का’ला ‘काहून’ सगळेच म्हणतात, पण बाईंनी तो शिकवायचा विषय केला होता. गाठ मारणं, ताटी भरणं, वेळेवर येणं, समजलं नाही तर “नाही समजलं, पुन्हा सांगा” असं मोठ्यानं म्हणणं, लोक आपल्यावर हसत असतील तेव्हा आपण त्यांच्याबरोबर न हसणं, हे सगळं त्या शिकवायच्या. आणि या सगळ्याच्या वर, कोणी काही करायला सांगितलं की आधी विचारायचं, काहून? ‘मी सांगतो म्हणून’ हे उत्तर धरायचं नाही. आणि कोणी म्हणालं की ही गोष्ट कोणाला सांगू नको, तर सगळ्यात आधी तीच गोष्ट येऊन सांगायची.

आईबाप तक्रार घेऊन यायचे. “बाई, पहिले कसा सांगन ते ऐके. आता पानी आन म्हटलं तर काहून म्हनते.”

“मग सांगा न तहान लागली म्हनून,” बाई म्हणायच्या. “तेवढं सांगाले काय जाते तुमचं?”

याची तालीमही असायची. तिला मुलं ‘शेठ-शेठ’ म्हणत. बाई काजळानं स्वतःला मिशा काढायच्या, डोक्याला उपरणं गुंडाळायच्या आणि शेठ होऊन दारातून यायच्या. “चल गा, गाडीत बस. जिलेबी देतो.” लगेच सगळीकडून सुरू व्हायचं. काहून? कुठी जायचं? कोनतं काम? वापस कोन आनून देईन? शेठची उत्तरं पटली नाहीत की मुलं त्याला दाराबाहेर काढायची, आणि बाई तोंड पुसत आत यायच्या. सगळ्यात जोर बेबीचा. बेबी बुटकी, गोल चेहऱ्याची, पंचविशीतली बाई होती. शेठ आला की ती ओलं फडकं घेऊन धावायची आणि त्याच्या मिशा पुसून टाकायची. तिच्या दृष्टीनं खेळ तिथे जिंकला जायचा.

एका फाल्गुनात एका सरकारी कचेरीतले साहेब ताट्यांची ऑर्डर द्यायला जीपमधून आले. अंगानं भारदस्त, मिशा झुपकेदार. बाई मागच्या बाजूला वाळा भिजवत होत्या. साहेबांनी पहिल्या दिसलेल्या विलासला म्हटलं, “ही एक ताटी उचल आणि चल माझ्याबरोबर. खिडकीला लावून बघू.”

“काहून?” विलास म्हणाला.

“अरे, माप बघायचंय.”

“वापस कोन आनून देईन?”

“ड्रायव्हर सोडेल. चल लवकर.”

“जिलेबी नाही देत का?” मागून कोणीतरी विचारलं. साहेब गोंधळून सगळ्यांकडे बघू लागले. तेवढ्यात बेबी ओलं फडकं घेऊन पोचली. मी “बेबी, थांब!” म्हणून ओरडेपर्यंत तिनं टाचा उंचावून साहेबांच्या मिशांवर फडकं फिरवलं होतं. मिशा गेल्या नाहीत. तिनं पुन्हा, जोरात फिरवलं. मग ती मागे सरकली आणि घाबऱ्या आवाजात सगळ्यांना म्हणाली, “खरा हाये वं!”

बाई हात पुसत आल्या. मला वाटलं, आता माफी मागतील. त्यांनी साहेबांच्या बुटांकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, आणि विचारलं, “कागद आनला का कचेरीचा?” साहेब बिचारे चांगले होते. चेहरा पुसता पुसता हसायला लागले. ऑर्डर मिळाली. विलास जीपमधून गेला, पण बाई शेजारी बसल्यावरच.

तो संशय मला तेव्हा जरा जास्तच वाटायचा. एकदा दुपारी शेडमध्ये आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी विचारलं, “बाई, तुम्हाला कोणीच चांगलं दिसत नाही का?”

त्यांनी बराच वेळ गाठी मारल्या. मग म्हणाल्या, “माहा दीर होता, गोपाळ. असाच होता, ह्या पोरांसारखा. मागावर बसवून दिलं तर दिवसभर विने. कोनी काही सांगतलं तर करे. सारी वस्ती म्हने, किती गुनी आहे, एका शब्दानं विचारत नाही. ओळखीचाच मानूस होता, चांगल्या घरचा. वीटभट्टीवर काम देतो म्हनून घेऊन गेला. आमीच पाठवलं. डबा करून देल्ला मी.”

“मग?”

“वापस आला काही वर्षांनं. पाठीवर वळ होते. काही बोले नाही. कोनी डोकं खाजवाले हात वर केला तरी खाली बसे.” त्यांनी सुतळीची गाठ सोडली. “त्याले गुनी म्हननारे आमीच होतो न वं.”



विलासला काम लागलं ते याच्या पुढच्या उन्हाळ्यात. महाल भागात देवतळ्यांचं कूलरचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. देवतळे पन्नाशीचे, गोरे, हळू बोलणारे. आमच्या ताट्या ते घ्यायचे आणि त्यांनी विलासचा हात पाहिला होता. “हा मुलगा मला द्या, दुकानातच ताट्या भरेल,” असं ते स्वतः येऊन म्हणाले. बाईंनी त्यांची उलटतपासणी केली, दुकान पाहिलं, मोरी पाहिली, शेजारच्या पानठेल्यावर जाऊन चौकशी केली. नाव ठेवायला जागा नव्हती. बाई त्यामुळे आणखीच बेचैन झाल्या.

“इतका चांगला मानूस दिवसभर चांगला नाही राहू शकत,” त्या म्हणाल्या. “थकन कधीतरी.”

पण देवतळे थकेनात. विलासला पगार वेळेवर मिळे, जेवायला वेळ मिळे, कोणी त्याला वेडावत नसे. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी विलास शेडमध्ये यायचा आणि सगळा हिशेब द्यायचा. कोण गिऱ्हाईक आलं, कोण काय बोललं, डब्यात कोणती भाजी होती, सगळं. त्याच्याकडे गुपित असं काही नसायचंच.

मग एका सुट्टीला त्यानं सकाळ सांगितली, संध्याकाळ सांगितली, दुपार सांगितलीच नाही.

“दुपारी काय करतो गा?” बाईंनी विचारलं.

विलासनं कंगवा काढून भांग पाडला.

“विलास, दुपारी कुठी राहतो तू?”

तो खाली बघू लागला. बाईंच्या हातातली सुतळी जमिनीवर पडली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात बाई मला घेऊन महालात गेल्या. समोरच्या पानठेल्याच्या आडोशाला आम्ही उभ्या राहिलो. रस्त्यावर माणूस नव्हतं. डोक्यावर पदर घेऊन बाई दुकानावर नजर लावून होत्या. जेवणवेळ झाली तसं देवतळ्यांनी शटर अर्धं खाली ओढलं, इकडंतिकडं पाहिलं, विलासच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाजूच्या जिन्यानं त्याला वर घेऊन गेले. वरच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. बऱ्याच वेळानं विलास एकटा खाली आला, तोंड पुसत, खिशात काहीतरी खायचं कोंबत.

“पाह्यलं?” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा झाला होता. “पाह्यलं न तुमी?”

मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंनी विलासला घरून शेडमध्ये बोलावून घेतलं. सगळे कामाला बसले होते. बाई म्हणाल्या, “आजपासून दुकानात जायचं नाही.”

“काहून?” विलास म्हणाला.

“मी सांगून राहिली म्हनून.”

शेडमधले सगळे हात थांबले. बेबीनं मान वर केली. विलास गोंधळला. त्यानं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पुन्हा, हळू, अगदी शिकवल्यासारखं विचारलं, “काहून, बाई?”

मी त्यांना उत्तर शोधताना पहिल्यांदाच पाहत होते. शेवटी त्या वाळ्याच्या जुडीवर बसल्या.

“मले भेव वाटते गा,” त्या म्हणाल्या. “तो तुले वर नेते. खिडक्या लावून घेते. तू सांगत नाही. म्हनून भेव वाटते.”

विलासनं विचार केला. त्याला वेळ लागायचा, आणि बाई तो वेळ नेहमी द्यायच्या. त्या दिवशी तो वेळ मला सोसवेना.

“मले नाही वाटत भेव,” तो म्हणाला. मग म्हणाला, “शेठ म्हनले कोनाले सांगू नको. मी हो म्हटलं.”

“मी तुले काय शिकवलं होतं?”

“शेठ रडले,” विलास म्हणाला. “म्हनून हो म्हटलं.” आणि थोड्या वेळानं, “सांगू नको म्हनले. दाखवू नको नाही म्हनले. तुमी चाला.”

आम्ही तिघं गेलो. मुद्दाम दुपारची जेवणवेळ धरली होती. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि देवतळे जिन्याच्या तोंडाशी विलासची वाट बघत उभे होते. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा उतरला. “बाई, आत्ता नको,” ते म्हणाले. बाई त्यांना ओलांडून जिना चढल्या. वर देवतळ्यांच्या पत्नी दारात आडव्या आल्या, विलासनं त्यांना “आमची बाई हाये” म्हणून सांगितलं, आणि त्या बाजूला झाल्या.

मागच्या खोलीत एक मुलगी जमिनीवर बसली होती. मुलगी कसली, माझ्याच वयाची असेल. केस तेल लावून घट्ट विंचरलेले, अंगावर लहान पोरीसारखा झगा. रंग इतका फिका की ऊन कधी लागलंच नसावं. तिच्यासमोर कामट्यांची एक छोटी चौकट होती आणि दुकानातला उरलासुरला वाळा. विलासला पाहताच ती हसली आणि चौकट पुढे सरकवली. विलास तिच्यासमोर मांडी घालून बसला, सुतळी हातात घेतली आणि बाईंच्याच आवाजात म्हणाला, “घाई नाही. गाठ पहिले डोळ्यानं पाहा.”

बाई भिंतीला टेकल्या.

“मालती,” देवतळे मागून म्हणाले. “थोरली माझी.” धाकटीच्या लग्नाचं बघत होते. वर एक अशी आहे हे कळलं तर कोणी उंबरा चढणार नाही, म्हणून नातेवाइकांनाही वर येऊ देत नव्हते. मालतीचं दिवसभर खिडकीवर डोकं आपटणं चालायचं, म्हणून खिडक्या बंद. एकदा विलास डबा धुवायला वर आला आणि त्याच्या हातातली सुतळी बघून ती पहिल्यांदा शांत बसली. “तेव्हापासून रोज आणतो त्याला. तासभर बसतो. ती वाट बघते.”

मला वाटलं, बाई विरघळतील. माझे तर डोळे भरून आले होते. बाई देवतळ्यांकडे वळल्या.

“तुमी त्याले कोनाले सांगू नको म्हनलं.”

“माझी चूक झाली.”

“तुमी चांगले मानूस आहात म्हनून तो गप राहिला. उद्या दुसरा कोनी हेच म्हनन. तो चांगला नसन. तेव्हाबी हा गपच राहीन. समजून राहिलं का मी काय म्हनते ते?”

देवतळ्यांनी हात जोडले.

“हात नोका जोडू. पोरीले शेडमध्ये पाठवा.”

“लग्न होऊन जाऊ दे बाई. मग लगेच.”

“लग्नानंतर तिचं बाळंतपन निघन, मग नातवाचं बारसं,” बाई म्हणाल्या. “मले मालूम आहे.” पण विलासला त्यांनी कामावरून काढलं नाही. अट एवढीच घातली की खिडकी उघडी राहील आणि दुपारी त्या स्वतः येऊन बसतील. तो सगळा उन्हाळा बाई महालात जाऊन त्या खोलीत बसल्या. देवतळ्यांच्या पत्नी पन्हं द्यायच्या. बाई ते आधी त्यांनाच प्यायला लावायच्या, असं विलासनं मला सांगितलं.

पुढचं मला विलासकडून आणि थोडं देवतळ्यांकडून कळलं. धाकटीला एक स्थळ आलं, जमत आलं, आणि देवतळ्यांनी स्वतःच मुलाकडच्यांना वर नेऊन मालतीला दाखवलं. ती सोयरीक मोडली. घरात अन्न शिजलं नाही. बाईंना हे कळलं तेव्हा त्या एकच गाठ मारून पुन्हा सोडत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्याले दुसरं कारन असन मोडाचं.” पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

दुसरी सोयरीक पुढच्या वर्षी जमली. लग्नाचं बोलावणं आम्हा दोघींना होतं. बाईंनी मांडवात शिरून पहिल्यांदा नजर फिरवली ती मालतीसाठी. मालती पुढच्या रांगेत आईजवळ बसली होती, कोरं लुगडं नेसून, केसांत शेवंती. बाजा वाजला की कानांवर हात ठेवत होती आणि थांबला की काढत होती. बाई सरळ नवऱ्या मुलाच्या वडिलांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“तुमाले सांगतलं होतं का तिच्याबद्दल?”

ते गृहस्थ चपापले. “हो बाई. पहिल्याच दिवशी सांगितलं.”

“तुमी हो म्हटलं?”

“घरी चार दिवस वाद झाला. मग म्हटलं.”

बाईंनी त्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं. मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “चाला, जेवून घेऊ.” त्या दिवशी त्यांनी एकही घास आधी हुंगून पाहिला नाही.

लग्नानंतर आठवडाभरात मालती शेडमध्ये आली. पहिले काही दिवस तिला रिक्षाला चादर बांधून आणत. बेबीनं ती चादर ओढून काढली आणि तिच्या चिंध्यांचं पायपुसणं विणायला घेतलं. मालती फार शिकली असं नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात ती विलासशेजारी दुकानात, खाली, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल अशी बसून ताट्या भरायची. काही गिऱ्हाइकं थांबून बघायची. मालती त्यांच्याकडे बघून विचारायची, “काहून?”

ऐंशीनंतर संस्थेनं रीतसर शिकलेला निदेशक नेमला आणि बाईंना घरी बसायला सांगितलं. वकीलसाहेबांनी निरोपाचं भाषण तयार करून आणलं होतं. बाई त्या दिवशी आल्याच नाहीत. बेबीच्या घरी गेल्या होत्या, तिला ताप होता. माझंही लग्न झालं, नोकरी बदलली, शेड सुटली. बाईंची खबर मात्र कोणाकडून तरी लागायची. कामाला लागलेल्या मुलांच्या जागी त्या स्वतःच्या पैशानं फिरत असतात, मालक लोक त्यांना कंटाळलेत, असं काहीबाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते बर्डीच्या बसस्टँडवर. मी माझ्या बसची वाट बघत होते. समोर खापरखेड्याची बस भरत होती. आमच्यातली दोन मुलं तिकडं कॉलनीतल्या एका कँटीनमध्ये लागली आहेत, हे मला नंतर कळलं. खिडकीत बाई बसल्या होत्या. खूप म्हाताऱ्या झालेल्या. मी हात वर करून हाक मारणार, तेवढ्यात दिसलं की त्या झोपल्या आहेत.

इतक्या वर्षांत त्यांना मी क्षणभरही डोळा लागलेला पाहिला नव्हता. तोंड किंचित उघडं होतं. पिशवी सीटवर नुसती ठेवलेली, तिचे बंद सुटून बाहेर लोंबत होते. फेरीवाले खिडकीशी ओरडत होते, कंडक्टर बसचा पत्रा वाजवत होता. शेजारी मांडीवर पोर घेतलेली कोणी अनोळखी बाई होती. बस सुरू झाली, गचका बसला, आणि धकातेबाईंचं डोकं त्या बाईच्या खांद्यावर टेकलं. त्या बाईनं जरा सरकून खांदा नीट पुढे केला. बस वळून गेली.